वीसच्या वीस वाचले

सुरतेजवळ कडोदऱ्याच्या मिलमध्ये असताना मी माझा जेवणाचा डबा एका माणसापासून लपवून ठेवत असे. त्यांना पोळीभाजीत काडीचा रस नव्हता, पण डब्यात होता. ऑफिसात प्लॅस्टिकचा डबा आणणारी मी एकटी, बाकी सगळ्यांचे स्टीलचे. एकदा जेवायला झाकण उघडलं तर दोन पोळ्यांच्या मध्ये रुपयाएवढी काळी चकती. मी ओरडले. तेवढ्यात ते दारातून आत आले. हातात वायरी लोंबणारी एक चौकोनी पेटी, आणि चेहरा असा की घरात पेढे वाटायचे आहेत.

"ताई, झाकण लावा! परत लावा!"

मी लावलं. त्यांनी पेटी डब्यावरून फिरवली. टीट! पेटीच्या खिडकीत आकडे उमटले.

"बघितलं? झाकणातून वाचली. पोळीतून वाचली. आता हीच स्टीलच्या डब्यात घालतो, बघा कशी मुकी होते!"

"चकती धुतली होती का?" मी विचारलं.

"उकळली होती," ते म्हणाले. "कुकरमध्ये. तीन शिट्ट्या."

ते आमच्या मिलचे इलेक्ट्रिक फिटर. मोटारी, पॅनेल, जळलेल्या वायरी, हे त्यांचं काम. वडील रेल्वेच्या नोकरीपायी भुसावळकडून सुरतेला आलेले, त्यामुळे यांची शाळा, आयटीआय सगळं इथलंच. सेठशी गुजरातीत, मशीनवरच्या माणसांशी हिंदीत, गोडादऱ्याहून येणाऱ्या खानदेशी बायकांशी अहिराणीत आणि माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलत. मी कॉम्प्युटरवर बसायचे, आणि कॉम्प्युटरवर बसणाऱ्या माणसाशी शुद्धच बोलायला हवं असं त्यांचं मत होतं. खरं नाव कोणी घेत नसे. त्या पेटीच्या आवाजावरून अख्खी मिल त्यांना टीटभाई म्हणे. त्यांना ते नाव आवडत असावं, कारण रविवारी विहारात मुलांना विजेचे प्रयोग शिकवायला जात तिथेही त्यांनी तेच नाव सांगून ठेवलं होतं.

त्यांच्या शर्टाच्या खिशात बिस्किटांचे आणि साबणांचे रिकामे कागद असत. तेव्हा वस्तूंवर काळ्या रेघांची पट्टी नुकती दिसू लागली होती. ती दिसली की टीटभाई थबकत, चष्मा कपाळावर चढवत आणि खालचे आकडे वाचत. "आठशे नव्वद. म्हणजे भारताचा, आपल्याकडचा!" परदेशात गाववाला भेटावा तसा आनंद होई त्यांना. एका सहकाऱ्याच्या लग्नात त्यांनी आइस्क्रीमचा कप खालची पट्टी बघायला उलटा केला. आइस्क्रीम आत असताना.

हे सगळं वेड हवेत नव्हतं. आमच्या मिलला एक जुना रोग होता. कापड रंगवून देणं हा मिलचा धंदा. निरनिराळ्या व्यापाऱ्यांचे कोरे ताके यायचे, ताका म्हणजे लूमवरून उतरलेलं सलग लांब कापड. असे ताके टोकाला टोक शिवून एकच लांबलचक दोर करायचा, तो रंगाच्या बंद मशीनमध्ये उकळत्या पाण्यात फिरवायचा, मग गरम हवेच्या मशीनवर ताणून वाळवायचा आणि पुन्हा शिवण उसवून ताके वेगळे करायचे. आत जाताना वीस ताके वीस व्यापाऱ्यांचे, बाहेर येताना सगळे एकसारखे गुलाबी! ओळख काय, तर टोकाशी शाईने टाकलेला नंबर, तो निम्म्या वेळा उडालेला. मग भांडणं. "हा माझा ताका नाही, माझं कापड याहून भारी होतं." ती भांडणं माझ्या टेबलावर यायची, म्हणून मला त्यात रस.

टीटभाईंनी ठरवलं की प्रत्येक ताक्याने स्वतःचं नाव स्वतः सांगायचं.

पहिल्यांदा त्यांनी कॅसेटमधली टेप कापून ताक्याच्या काठाला चिकटवली. टेपवर त्यांच्याच आवाजात, "ताका नंबर सात, नवापूरवाले." रंगवून आल्यावर ती टेपरेकॉर्डरच्या हेडवरून हाताने ओढली. सगळं खातं कान लावून उभं. आतून घशात पाणी गेल्यासारखा एक आवाज आला आणि टेप शेवेसारखी गोळा झाली. "नवापूरवाले बुडाले," असं कोणीतरी म्हटलं. टीटभाई सगळ्यांपेक्षा जास्त हसले आणि वहीत लिहिलं, 'टेप, शिवून वाचावी लागते, उकळत्यात मरते.'

मग रेघांचे स्टिकर. कुठल्याशा बंद पडलेल्या दुकानातून त्यांनी लाल उजेडाची बंदूक मिळवली होती. वीतभर अंतरावरून ती चटकन वाचायची, पण स्टिकर समोर पाहिजे, सपाट पाहिजे, स्वच्छ पाहिजे. घडीत गेला की संपलं. "ही बंदूक तोंड बघते," टीटभाई म्हणत. "पदर घेतलेल्या बाईला ओळखत नाही." शेवटी मुंबईच्या एका आयातवाल्याकडून नमुना म्हणून त्यांनी पेटी आणि एकवीस चकत्या आणल्या. परदेशात मोठ्या धुलाई कारखान्यांत चादरींना शिवतात त्या. चकतीत सेल नाही, काही नाही. पेटी जवळ आणली की पेटीच्याच लहरींनी तिच्यात जीव येतो आणि ती आपला नंबर सांगते. तोंड दाखवायला नको, घडी उघडायला नको. फक्त चार बोटांच्या अंतरावर यायचं.

"ही तोंड बघत नाही ताई, ही हाक मारते! आणि चकती आतून ओ देते!"

मी फारशी हुरळून जाणारी बाई नाही. पण घरी पोळ्या लाटताना मी आपोआप विचार करू लागले की पेटी परातीतून वाचेल का. (वाचत नाही. परात पितळेची.) मी त्यांना कॉम्प्युटरवर एक तक्ता करून दिला. उभे रकाने, किती लांबून, पाण्यात, उष्णतेत, घडीतून, लोखंडाजवळ. आडव्या ओळी, शाई, टेप, स्टिकर, चकती. टीव्हीचा रिमोटसुद्धा त्यांनी घालायला लावला, "तोही न शिवताच बोलतो ना, त्याच्यावर अन्याय नको" म्हणून. रोज दुपारी आम्ही एक चौकोन भरायचो. एखादा चौकोन भरला की दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटायचं, आणि मला त्या मिलमध्ये तसं क्वचितच वाटत असे.

तक्त्याला मथळा हवा होता. "कॉन्टॅक्टलेसला मराठीत काय म्हणायचं?" मी विचारलं.

"न शिवता."

माझी बोटं थांबली. त्यांनी ते पाहिलं आणि हसले. "लिहा की. आमच्या आजोबांना गावात न शिवताच काम सांगायचे. वरून पाणी ओतायचे, लांबून भाकरी टाकायचे. अस्सल कॉन्टॅक्टलेस! कोणी परदेशातून आणलं नव्हतं."

मी कर्सर मथळ्याच्या चौकोनात नेऊन ठेवला.

"तेव्हा माणूस ओळखायचा नव्हता म्हणून," पेटी पुसत ते म्हणाले. "आता ताका ओळखायचाय म्हणून. हा उपयोग बरा आहे. लिहा. आणि खाली हेही लिहा की चकती आधी ताक्याला शिवावी लागते. शिवल्याशिवाय न शिवता वाचत नाही."

हे त्यांचं आवडतं वाक्य झालं. गुजराती माणसांना ते समजावून सांगताना त्यांचा अर्धा तास जायचा, कारण शिवणे आणि शिवणे यातला खेळ गुजरातीत बसत नाही. तरी ते सांगायचे.

चकत्या शिवायचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांना सगळे मावशी म्हणत. गोडादऱ्याच्या. ताक्याला ताका जोडणाऱ्या बायकांतल्या सगळ्यांत जुन्या. टीटभाई त्यांना चकती ठेवायची कापडाची पिशवी किती जाड, टाका किती बारीक, हे कागदावर आकृती काढून दाखवायचे. मावशी आकृतीकडे न बघता म्हणायच्या, "भाऊ, माले शिकाडू नका. मी तीस वरीसथीन शिवी ऱ्हायनू." आणि शिवायच्या ते असं की पिशवी कापडाचाच भाग वाटावी.

हे चालू असताना एक दिवस पाण्याच्या पंपाची मोटार जळली. टीटभाई तेव्हा घरी होते, बायकोच्या कुकरमध्ये चकत्या उकळत. मिलच्या जेवणाच्या सुट्टीत गेले आणि शिट्ट्या मोजण्यात वेळ विसरले. दोन मशीनं दुपारभर पाण्यावाचून थांबली, एकातलं कापड आतच खराब झालं. सेठ खाली आले. सेठ कधी ओरडत नसत, तीच त्यांची भीती होती.

"टीटभाई, तुं मारो फिटर छे के मारुं रेडिओ स्टेशन?"

टीटभाई मान खाली घालून उभे. सेठ शांतपणे म्हणाले, "शुक्रवारे मुंबईथी स्टिकरवाळो आवे छे. वीस ताका लेजे. एना स्टिकर पण लगाव, तारी चकती पण. तारा वीसे वीस वंचाय तो तारुं खातुं अलग. ओगणीस वंचाय, तो शनिवारथी आवतो नहीं."

म्हणजे वीसच्या वीस चकत्या वाचल्या गेल्या तर स्वतंत्र खातं, एक जरी राहिली तर नोकरी गेली. टीटभाईंचं वय पन्नासच्या आसपास. धाकटी मुलगी बारावीला. कुकरपायी मोटार जाळणाऱ्या फिटरला कडोदऱ्यात तर सोडाच, कामरेजपर्यंत कोणी उभं केलं नसतं. मी तसं म्हणाले. ते म्हणाले, "कुकर एकशेवीस डिग्रीपर्यंत जातो ताई. आपलं मशीन एकशेतीस. प्रश्न फक्त दहा डिग्रीचा आहे."

शुक्रवारी सकाळी मुंबईचा स्टिकरवाला माणूस टाय लावून आला. प्रत्येक ताक्यावर स्वतःच्या हाताने स्टिकर लावले. "सर, पूरा वॉटरप्रूफ है." बाजूला चकती. वीस चकत्यांचे नंबर आणि त्यांच्यासमोर वीस व्यापाऱ्यांची नावं अशी यादी माझ्याकडे. दोर मशीनमध्ये गेला, झाकण बंद झालं. मी वर ऑफिसात येऊन बसले आणि एक ओळ धड टाईप करू शकले नाही.

दुपारी खालून इंटरकॉम वाजला. टीटभाई अक्षरशः किंचाळत होते. "वाचले ताई! वीसच्या वीस वाचले!"

मीही खुर्चीतून उठले. सेठच्या केबिनचं दार न ठोठावता उघडलं. "शेठ, वीसे वीस वंचाया!" सेठ हसले. सेठना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी लगेच बाजारात फोन लावला, त्यांच्या सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत भांडखोर व्यापाऱ्याला. "आवो, आवो, एक चीज बतावुं. ताको पोते नाम बोले छे!" ताका स्वतःचं नाव स्वतः सांगतो हे ऐकून व्यापारी पाऊण तासात येतो म्हणाला.

मी यादी घेऊन धावत खाली गेले. "सांगा नंबर, टिक करते."

"कसले नंबर?"

"वाचलेत ना?"

"वाचलेत म्हणजे शाबूत आहेत! पाण्यातून, आगीतून जिवंत बाहेर आलेत! वाचायचं अजून कुठे सुरू केलंय?"

मी तिथेच ट्रॉलीला टेकले. मराठी माणसाने मराठी माणसाला फोन केला, एक शब्द बोलला, आणि मी तो भलत्याच अर्थाने गुजरातीत नेऊन सेठच्या हातात दिला. गुजरातीत बचवुं वेगळं आणि वांचवुं वेगळं. आपल्याकडे दोन्हीला एकच. सांगितलं तेव्हा टीटभाईंचा चेहरा एक क्षण पांढरा झाला आणि मग ते म्हणाले, "पाऊण तास आहे ना? मग घाबरता कशाला!"

त्यांनी पेटी पहिल्या ताक्यावर धरली. गप्प. दुसऱ्यावर. गप्प. तिसऱ्यावर गप्प. मुंबईचा माणूस हाताची घडी घालून पाहत होता. त्याच्या स्टिकरची केव्हाच खीर झाली होती, तेव्हा त्याला आता फक्त सोबत हवी होती.

"ट्रॉली!" टीटभाई एकदम ओरडले. "लोखंडी ट्रॉली! डब्यात बसलेत सगळे!"

मग जी धावपळ झाली ती मी जन्मात विसरणार नाही. मिलमध्ये लोखंड नाही अशी जागा शोधायची! टेबलाचे पाय लोखंडी, बाक लोखंडी, जमिनीवर नाल्याच्या जाळ्या लोखंडी. शेवटी बायका बसायच्या त्या कोपऱ्यातल्या दोन लाकडी फळ्या आम्ही गोणपाटांच्या ढिगावर टाकल्या आणि ताके त्यांच्यावर उचलून आणले. मी साडी खोचून उचलत होते. मुंबईच्या माणसानेही टाय खांद्यावर टाकून हात लावला, हे सांगायला हवं.

टीट!

"चार! लिहा, चार!"

"चार, कामरेजवाले," मी ओरडले.

टीट. टीट. मध्ये दोन ताके एकदम फळीवर आले तर पेटी पुन्हा गप्प. "एकेक आणा! दोघांनी एकदम ओ दिली तर कोणाचंच नाव कळत नाही!" एकेक आणला. टीट. मी टिक करत होते आणि मोठ्याने मोजत होते, आणि माझ्याबरोबर सगळं खातं मोजत होतं. सोळा. सतरा. अठरा. एकोणीस!

विसावा गप्प.

त्यांनी पेटी उलटी धरली, सुलटी धरली, पिशवीला चिकटवली. फळी बदलली. गप्प. बाहेर गाडीचा आवाज आला.

"उरलेला एकच तर आहे," मी हळूच म्हटलं. "यादीतलं उरलेलं नावही एकच. टिक करते. कोणाला कळणार?"

"नाही." ते माझ्याकडे बघतही नव्हते. "त्याने ओ दिलेली नाही ताई."

मला राग आला. माणसाची नोकरी चाललीये आणि हा चकतीच्या बाजूने बोलतोय! पण पेन मी खाली ठेवलं.

सेठ आणि व्यापारी आत आले. सेठनी फळीकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं. "केटला?"

"ओगणीस," टीटभाई म्हणाले.

सेठ माझ्याकडे वळले. "बेन, तमे तो वीस कह्या हता."

मी सरळ सांगितलं. "शेठ, मराठीमां बचवुं ने वांचवुं एक ज शब्द छे. एणे कह्युं बची गया, में कह्युं वंचाया. भूल मारी छे."

सेठ पुन्हा टीटभाईंकडे वळले. तेवढ्यात मावशी जमिनीवरून उठल्या, विसाव्या ताक्याचं टोक हातात घेतलं आणि पिशवीच्या शिवणीवरून नख फिरवलं.

"हाई शिलाई मनी नही," त्या म्हणाल्या. "भाऊ, तुम्हीन शिवी का?"

टीटभाई लहान मुलासारखे म्हणाले, "तुमची सुट्टी झाली होती. शेवटची एक मीच शिवली."

मावशींनी पिशवी अंगठा आणि बोटामध्ये धरली, दाबली, सरकवली. कापड पारखताना करतात तसं. मग म्हणाल्या, "आठे दोन शेतस."

इथे दोन आहेत!

टीटभाईंनी कपाळावर हात मारला. एकवीस चकत्या होत्या ना, वीस ताके. रात्रभर जीव खालीवर, म्हणून शेवटच्या पिशवीत त्यांनी शिल्लक चकतीही सारली होती. एक मेली तर दुसरी असेल. दोघींनी एकदम ओ दिली तर काय होतं हे ते आम्हाला दहा मिनिटांपूर्वी ओरडून सांगत होते, आणि आपण काय केलंय ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

मावशींनी ब्लेडने दोन टाके उसवले, वर सारलेली शिल्लक चकती बाहेर काढून लांब धरली. टीटभाईंनी पेटी टेकवली.

टीट!

मी कोणत्या व्यापाऱ्याचं नाव वाचलं ते मलाच ऐकू आलं नाही, इतका गलका झाला. सेठ हात वर करून थांबले. गलका थांबला. त्यांनी टीटभाईंना विचारलं, "एक वात कहे. आ वीसमो कोणे वांच्यो? मशीने के मासीए?"

टीटभाईंना खोटं बोलायची ही दुसरी संधी होती. "पहेलां मासीए," ते म्हणाले. "पछी मशीने."

भांडखोर व्यापारी आधी हसला. मग सेठ. "तो तारा खातामां बे माणस," ते म्हणाले. "मशीन तारी, सोय मासीनी. तें सोयने हाथ लगाड्यो तो काढी मुकीश." म्हणजे खात्यात माणसं दोन, सुई मावशींची, आणि टीटभाईंनी सुईला हात लावला तर हकालपट्टी. मग सेठ मुंबईच्या माणसाला म्हणाले, तयार मालाच्या कोरड्या गठ्ठ्यांवर तुमचे स्टिकर लावू, तिथे कोणी उकळत नाही. तोही खूश होऊन गेला.

सोमवारी टीटभाई नव्या खात्याचा हजेरीपट टाईप करून घ्यायला माझ्याकडे आले. पहिली ओळ त्यांची स्वतःची. दुसऱ्या ओळीत मावशींचं नाव, आणि हुद्द्याच्या रकान्यात मी 'शिवणकाम' लिहायला घेतलं.

"नाही," ते म्हणाले. "वाचक लिहा."

"अहो, त्या अंगठा लावतात."

"मग? अंगठ्यानेच वाचलं ना त्यांनी?"

मी लिहिलं. मावशींना बोलावलं. त्यांनी कागदावर बोट ठेवून विचारलं, "आठे काय लिखेल शे?" मी सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला.

"मंग आते माले खुर्ची भेटी ना?" त्या म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न बघता अंगठा शाईत दाबला.